हारासाठी दोन हुक

विश्रामबागेतल्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावायला मी महायुद्धातल्या रणांगणाचा एक मोठा जुना फोटो आणला होता. चिखल, खंदक आणि आडवे पडलेले शिपाई. तो मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या फ्रेमवाल्याकडे दिला. बारीक खिळे ओठांत धरून तो काम करायचा, काच सदऱ्याच्या बाहीने पुसायचा. फ्रेम आणायला गेलो, तर वरच्या दोन्ही कोपऱ्यांत त्याने हारासाठी हुक ठोकलेले.

"हार कशाला? शोभेचा फोटो आहे," मी चिडून म्हणालो.

ओठांतले खिळे हातात घेत त्याने विचारलं, "आवं, ह्यातली माणसं जित्ती हायत व्हय?"

फोटो हॉलमध्ये लागला. पाहुणे वाखाणतात. मी मात्र सोफ्याची जागा तीनदा बदलली. कुठंही बसलं तरी ते रिकामे हुक दिसतातच.