पेन्सिलबाईंचा उलटा हात

माझं चष्म्याचं दुकान फोटो स्टुडिओच्या बरोब्बर समोर आहे. मध्ये फक्त बारा पावलांचा रस्ता. त्यामुळे स्टुडिओच्या खिडकीत काय चाललंय ते मला आपसूक दिसतं. मी मुद्दाम बघतो असं काहीजण म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांचेही चष्मे मीच केलेत.

त्या खिडकीत पस्तीस वर्षं पेन्सिलबाई बसतात. खरं नाव त्यांच्या घरच्यांनाही आठवायला वेळ लागेल. वय विचारू नका. मला त्यांचा नंबर ठाऊक आहे, नंबरावरून वय काढता येतं, पण धंद्याची काही इमानदारी असते. त्रेसष्ट.

त्यांचं काम लोकांची तोंडं सुधारण्याचं. फोटो काढून झाला की त्याची निगेटिव्ह बाईंच्या हाती यायची. निगेटिव्हवर सगळा कारभार उलटा. केस पांढरे, दात काळे, आणि सुरकुती म्हणजे एक फिकट, पारदर्शक रेघ. ती निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात तिरप्या काचेवर ठेवायची आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं ती फिकट रेघ हलक्या हातानं भरत जायची. निगेटिव्हवर जिथे काळं भराल तिथे छापताना उजळ होतं. रेघ भरली की सुरकुती गेली. या गावातल्या निम्म्या लग्नांना बाईंच्या पेन्सिलीचा हातभार आहे. कुठली, ते तुम्ही एकटे भेटलात तर सांगेन.

पुढे निगेटिव्ह गेल्या, कॅमेऱ्यात रिळाऐवजी मेमरी कार्डं आली. बाईंकडे जुने फाटके फोटो ब्रशनं जोडण्याचं काम उरलं, तेही आठवड्याला एखादं. थोरले मालक होते तोवर कुणी बोललं नाही. ते गुडघ्यांपायी घरी बसले आणि कारभार सूनबाईंकडे आला. सूनबाई हुशार, कामसू, आणि बोलायला गोड. पण जागेचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत सतत असतो.

एक दिवस त्या खिडकीशी टेप घेऊन उभ्या राहिल्या.

"काकू, महिनाअखेर छपाईचं मशीन येतंय. ते इथेच बसेल बघा."

"आणि मी कुठे बसेन?" पेन्सिलबाईंनी विचारलं.

सूनबाई गोड होत्या, पण खोटं बोलत नसत. "काकू, कंप्युटरवर फोटो सुधारायला शिकलात तर तुमच्यासाठी टेबल मांडते. नाहीतर या खुर्चीला काम कुठलं द्यायचं, तुम्हीच सांगा."

बाई म्हणाल्या, "शिकव."

हे सगळं मला कसं कळलं? खिडकी उघडी होती, आणि मी काच पुसत होतो. बाहेरून.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी बाई पडद्याला नाक लावून बसल्या. बसणारच. त्यांचा चष्मा वीतभर अंतराचा, पडदा हातभर लांब. मी दुपारी जाऊन टेप लावली आणि संध्याकाळपर्यंत नवा चष्मा करून दिला. तेवढ्याच निमित्तानं आतलं बघायला मिळालं.

सूनबाई शिकवायच्या छान. "हा लेअर. म्हणजे फोटोवर एक पारदर्शक कागद ठेवला असं समजा. काम कागदावर करायचं, खालचा फोटो तसाच."

"हे कळलं. हा ब्रश?"

"हा ब्रश. इथून लहानमोठा, इथून त्याची ताकद कमीजास्त. आणि काही चुकलंच तर हे अनडू. दाबलं की चूक झालीच नाही."

बाईंनी माउसवरचा हात उचलला. "झालीच नाही?"

"नाहीच."

"पस्तीस वर्षं मी श्वास रोखून काम केलं गं," बाई म्हणाल्या. "तेवढा श्वास आता सोडते." आणि त्यांनी खरोखरच मोठा सुस्कारा सोडला.

सरावासाठी कुणाचं तरी थोबाड हवं होतं. मी आपणहून माझा फोटो दिला. माझ्या डोळ्यांखाली दोन पिशव्या आहेत, त्या फुकटात जात असतील तर का सोडा? बाई दीड तास खपल्या. मग सूनबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला.

काय सांगू! नाकाच्या शेंड्यावरची चमक गेलेली, नाक पोळीसारखं सपाट. कपाळावर धूर. आणि डोळ्यांत उजेडाचा जो बारीक ठिपका असतो, ज्यामुळे माणूस जिवंत दिसतो, तो दोन्हीकडचा काळजीपूर्वक बुजवलेला. पिशव्या होत्या तिथेच होत्या, उलट भरल्या होत्या.

"बाई, माझं काही चुकलं का?" मी विचारलं. "पिशव्या घालवायला सांगितलं होतं, मला नव्हे."

सूनबाईंना हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी अनडू दाबलं, पुन्हा पहिल्यापासून केलं, आणि पुन्हा तसंच झालं. चार दिवस हेच. पहिली पाच मिनिटं ठीक जायची, मग चेहऱ्यावर जिथे जिथे फिकट दिसेल तिथे तिथे त्या काळं भरून मोकळ्या व्हायच्या. पाचव्या दिवशी सूनबाईंनी शिकवणं थांबवलं नाही, पण त्यांचा आवाज जरा जास्तच गोड झाला. त्याचा अर्थ बाईंनाही कळला आणि बारा पावलांवर मलाही कळला.

त्याच दिवशी मुख्याध्यापिका आल्या. तेरा वर्षं शाळा चालवून निवृत्त होत होत्या. शाळेच्या सभागृहात आधीच्या सहा मुख्याध्यापकांचे काळेपांढरे फोटो आहेत, सहाही बाईंच्या पेन्सिलीखालून गेलेले. सातवा आता यांचा लागायचा होता.

"त्या सहांच्या शेजारी शोभायला हवा," त्या म्हणाल्या. "आणि मला तरुण करू नका. मुलं हसतील."

त्या गेल्यावर सूनबाई म्हणाल्या, "काकू, हा तुम्हीच करा. बुधवारपर्यंत." आणि थोडं थांबून, "मशीन गुरुवारी येतंय."

बाई दुपारी माझ्या दुकानात आल्या. चष्मा ठीक करायला, असं म्हणाल्या. चष्म्याला धाड भरली नव्हती.

"चष्मेवाले, माझं डोकं गेलंय का हो?"

"गेलं असतं तर आधी मला कळलं असतं. समोरच आहे."

त्यांनी पिशवीतून एक जुनी निगेटिव्ह आणि पेन्सिल काढली, माझ्या काउंटरवरच्या दिव्यापाशी धरली आणि एक फिकट रेघ भरून दाखवली. हात इतका सावकाश आणि पक्का, की मी बोलायचा थांबलो. हे क्वचित घडतं.

"बघा. हाताला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "हात उलटं शिकलाय. फिकट दिसलं की भरायचं, एवढंच त्याला ठाऊक. तो पडदा मला सुलट चेहरा दाखवतो. सुलट चेहऱ्यावर मी आयुष्यात काम केलेलं नाही हो! माणसं मी उलटीच ओळखते."

"मग त्या पडद्यालाच सांगा, उलटा हो म्हणून," मी थट्टेत म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्या निगेटिव्ह तिथेच विसरून तरातरा रस्ता ओलांडून गेल्या. मीही मागोमाग गेलो. निगेटिव्ह द्यायला जाणं भागच होतं.

"सूनबाई, यात फोटोची निगेटिव्ह करता येते?"

"येते की. एक बटण आहे. पण ते कुणी वापरत नाही, काकू. कशाला वापरतील?"

"दाब."

सूनबाईंनी मुख्याध्यापिकांच्या फोटोची एक प्रत काढली, रंग घालवले आणि ते बटण दाबलं. पडद्यावर पांढऱ्या बुबुळांच्या, काळ्या दातांच्या मुख्याध्यापिका उमटल्या. मुख्याध्यापिका होण्याआधी त्यांनी मलाही शिकवलं होतं, ते सगळं आठवलं. बाईंचे खांदे मात्र खाली आले. इतके दिवस ते कानाला लागलेले होते, हे मला तेव्हा समजलं.

"ये," त्या पडद्याला म्हणाल्या. "आता भेटलीस."

ब्रश अगदी बारीक, ताकद दहा टक्के, आणि पस्तीस वर्षांचा उलटा हात. गालांवरच्या फिकट रेघा एकेक करत भरत गेल्या. सूनबाई उभ्या होत्या त्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. मध्ये त्यांनी भुवयांच्या मधल्या उभ्या आठीकडे बोट केलं. "ही राहिली, काकू."

"ती राहू दे. तिच्या जोरावर शाळा चालली."

तासाभरानं बटण पुन्हा दाबलं. चेहरा सुलट झाला. सूनबाईंनी तो मोठा करून कपाळापासून हनुवटीपर्यंत पाहिला. मग म्हणाल्या, "मला हे असं जमत नाही. मी पुसते, तुम्ही भरता. मला शिकवाल?"

बुधवारी मुख्याध्यापिका आल्या. फोटो हातभर लांब धरून त्यांनी आधी भुवयांच्या मध्ये पाहिलं. आठी जागेवर होती.

"हं," त्या म्हणाल्या. "रागवायच्या आधीची मी." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही इथे काय करताय? दुकान उघडं टाकून?"

मी दुकानात परत आलो. वय झालं तरी काही आवाजांपुढे पाय ऐकतात.

गुरुवारी मशीन आलं आणि दाराजवळ बसलं. खिडकीशी बाईंची खुर्ची तशीच राहिली. पुढे नवं टेबल, टेबलावर पडदा. मी समाधानानं माझ्या जागी बसलो. खिडकी वाचली होती.

दहाच मिनिटांनी बाईंचा आवाज आला. "सूनबाई, हा उजेड सगळा पडद्यावर येतोय गं. काही दिसत नाही."

आणि ज्या खिडकीसाठी एवढं झालं, तिला त्यांनी स्वतःच्या हातानं जाड निळा पडदा लावला. तो आजतागायत आहे. आत त्या सूनबाईंना काय काय शिकवतात, देव जाणे. मला हल्ली चष्मा पोचवायला जावं लागतं. आठवड्यातून चारदा.