आधी संसार, मग व्हिसा

सुषमाचा दिवस साडेचारला सुरू होई. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या तिच्या माहेरच्या गल्लीत नळ पाचला येतो आणि सहाला जातो. त्या तासात जो झोपला, तो दिवसभर तहानला. लग्नाआधी ती साडेचारलाच उठे, लग्नानंतरही. फरक एवढाच, की आता नळाखाली हंडा लावताना कानाशी फोन असे. न्यूझीलंडमध्ये तेव्हा दुपार झालेली असे. तिचा नवरा ललित तिथे गायींच्या एका मोठ्या गोठ्यावर कामाला होता. सकाळच्या धारा उरकून, जेवायला बसण्याआधी तो फोन करी.

"उठलीस?"

"मी उठले. पाणी नाही उठलं अजून."

ललित सुरतेतल्याच भेस्तानचा. त्याचा बाप अमळनेरकडून सुरतेत आला आणि लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, झिजला. बापाने गायी विकून सुरत गाठली आणि पोरगा विमानात बसून परत गायीच पिळायला गेला, यावर लिंबायतपासून भेस्तानपर्यंतचे नातेवाईक पोट धरून हसले. पण पोरगा टिकला. वर्षानुवर्षं चिखलात बूट रुतवून राबला आणि तिथे कायम राहण्याचा परवाना मिळवला. मग माघात रजा काढून आला, मुलगी पाहिली, लग्न केलं आणि परत गेला.

सुषमा साड्यांच्या खात्यात लेस लावायची. सुरतेत कारखान्याला खातंच म्हणतात. काम दिसायला सोपं. डाव्या हाताने साडी सरकवायची, उजव्या हाताने लेस सोडायची, पायाने मशीन चालवायचं. ताण जरा कमी-जास्त झाला की काठाला चुणी पडते. मग उसवायचं, आणि उसवलेल्याची मजुरी मिळत नाही. दहावी झाल्यापासून ती त्या मशीनवर होती. तपासणारा बाकीच्यांच्या साड्या उलगडून बघे, तिच्या नुसत्या मोजून घेई.

आता प्रश्न होता तिने नवऱ्याकडे कसं जायचं हा. त्यासाठी ती एका सकाळी अर्धी सुट्टी काढून बापाबरोबर रिंग रोडवरच्या एका सल्लागार बाईंकडे गेली. बाप उखा, लूमचा निवृत्त कारागीर. मशीनच्या आवाजात जन्म गेला, म्हणून ऐकायला कमी यायचं आणि बोलायचा मोठ्याने.

बाईंनी हिंदी-गुजराती मिसळून समजावलं. रस्ते दोन. पहिला ठरवून केलेल्या लग्नाचा. आपल्याकडे आधी लग्न होतं आणि मग ओळख, हे तिथल्या सरकारला माहीत आहे. त्यासाठी वेगळी सोय आहे. लग्नापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा. व्हिसा थोड्या मुदतीचा मिळतो. तिथे जाऊन एकत्र राहायचं आणि मग पुढचा अर्ज करायचा. तोवर तिथे काम करता येत नाही. दुसरा रस्ता जोडीदाराच्या व्हिसाचा. त्यात तिथे पोचल्या दिवसापासून काम करता येतं. पण त्याला नुसतं लग्न पुरत नाही. दोघं एका छपराखाली संसार करून राहिल्याचं दिसावं लागतं.

"लग्नानंतर किती राहिलात एकत्र?" बाईंनी विचारलं.

उत्तर उखाने दिलं. "सगळं रीतीनं केलं बघा. पाचपरतावणसुद्धा बाकी ठेवलं नाही!"

बाईंना ते कळेना. उखाने उत्साहाने सांगितलं. नवी नवरी पाच वेळा माहेरी आणायची, पाच वेळा सासरी पोचवायची. गावाकडे ही ये-जा वर्षभर चालते. जावयाची रजा अवघी तीन आठवड्यांची, म्हणून दोन्ही घरांनी मिळून ती त्यातच बसवली. गोडादरा ते भेस्तान, भेस्तान ते गोडादरा, रिक्षावर रिक्षा.

"मग एकत्र कधी राहिले?"

"सासरी असायची तेव्हा एकत्रच की!"

सुषमा खाली बघून म्हणाली, "सासरी एकच खोली आहे. बायका आत झोपतात. पुरुष गच्चीवर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही दोघं बोललात तरी का कधी?"

"बोललो. जिन्यात."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्या म्हणाल्या, मग पहिलाच रस्ता धरा, मुदत संपायच्या आत. मुलाखत झाली तर काय विचारतात तेही त्यांनी सांगितलं. नवरा सकाळी उठून आधी काय करतो? जेवण कोण करतं? रागावला की काय करतो? त्याला कशाची भीती वाटते?

सुषमाला एकाचंही उत्तर येईना.

दुसरी कोणी असती तर घाबरली असती. सुषमाला परतीच्या रिक्षात वेगळीच हुरहुर लागली. खरंच, हा माणूस रागावला की काय करत असेल? दुसऱ्या दिवशी नळावर तिने फोनवर विचारलंच.

"मी? मी रागावतच नाही," ललित म्हणाला.

सुषमाने हंडा बाजूला केला. फोनवर सगळेच असं बोलतात. नमुन्याच्या तुकड्यावरून तागा कळत नाही.

खात्यात शेजारच्या मशीनवर वर्षा बसायची. जिभेची तिखट, मनाची बरी. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अगं मग जा ना पहिल्या रस्त्याने! काम करायला बंदी? असली बंदी मला घाला म्हणावं. पाय पसरून बसायचं, नवऱ्याने खाऊ घालायचं."

"तेच नको मला."

"का गं, महाराणी?"

"तो राबून येणार, मी कोपऱ्यात बसून वाट बघणार. तो घरधनी, मी पाहुणी. सुरुवातीला जशी शिलाई पडते तशीच पुढे जाते, वर्षा."

"मग दुसरा रस्ता. पण त्याला एकत्र राहायला पाहिजे. आणि तो तिकडे, तू इकडे."

सुषमाने मशीन थांबवलं नाही. पण त्या साडीला चुणी पडली. वर्षाने ते पाहिलं आणि ओळखलं. सुषमाच्या हातून चुणी म्हणजे डोक्यात काहीतरी मोठं चाललेलं.

दुसऱ्या पहाटे फोन आला तेव्हा सुषमाने नवऱ्याला विचारलं, "तुमच्या गायी आटतात कधी?"

"मे महिन्यात. मग थेट श्रावणात वितात. का?"

"मधल्या काळात तुम्ही काय करता?"

"कुंपण दुरुस्त करतो. यंत्रं धुतो."

"कुंपण दुसरा कोणी करेल. तुम्ही इकडे या. आपण खोली घेऊ."

"खोली कशाला? भेस्तानला घर आहे की."

"तिथे गच्ची आहे."

ललित हसला. हसणं थांबल्यावर म्हणाला, "पण बिनपगारी रजा पडेल. इतके दिवस मी तिथे बसून काय करू?"

"बसा. मी कमावते."

"बायकोच्या पगारावर?"

"मी तिकडे येऊन नवऱ्याच्या पगारावर बसायचं, हे तुम्हाला चालत होतं ना? तसंच. फक्त उलटं."

"आणि पहिल्या रस्त्याची मुदत?"

"ती जाईल."

"दुसऱ्यानेही नाही झालं तर?"

हंडा भरून वाहू लागला होता. तिने नळ तसाच सोडला. "तर निदान कळेल तरी, कोणासाठी रडायचं ते."

"विचार करतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर काही दिवस फोन आला नाही. सुषमा नळावर फोन घेऊन जाई आणि तसाच परत आणी. बाईंनी अर्जाची आठवण करून दिली, तेव्हा थांबा म्हणाली. एके दिवशी पाणी यायच्या आधीच फोन वाजला.

"मालक जागा राखून ठेवतो म्हणालाय," ललित म्हणाला. "तू चहा गोड पितेस की कमी साखरेचा?"

आता घरात आग लागली. ललित यायचा होता अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर. खानदेशात अखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि लग्नानंतरची पहिली अखाजी तर माहेरचीच. सुषमाची आई सुंदरा घरात अहिराणीच बोलायची. तिने कपाळावर हात मारला.

"पहिली आखाजी शे, पोरी! माहेरले नही येशी तं कोठे जाशी?"

"तीन गल्ल्यांवर तर खोली आहे, माय. झोका खेळायला येईन. झोपायला नाही."

"लोके काय म्हनतीन?"

"लोकांना जिन्यात उभं राहून संसार करायला सांग."

भेस्तानहून सासूचा फोन आला. माझा पोरगा सात समुद्र ओलांडून येणार आणि भाड्याच्या खोलीत राहणार? वेगळं निघायची इतकी घाई? सुषमाने ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाली, "आत्या, रोज संध्याकाळी जेवायला या. तुमचा मुलगा मलाही बघू द्या."

उखा इतका वेळ खाटेवर बसून होता. अर्धं ऐकलं असेल, अर्धं ओठांवरून ओळखलं असेल. त्याने मोठ्याने विचारलं, "भाडं कोण भरणार?"

"मी."

"मग तुझी खोली," उखा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. त्या घरातला वाद तिथे संपला.

ललित आला. खोली दहा बाय दहाची, घरमालकिणीच्या माडीला खेटून, वर पत्रा, बाहेर मोरी. वैशाखात पत्रा तापायचा. गाईच्या देशातला माणूस दुपारभर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसे.

पहिल्याच आठवड्यात सुषमाला कळलं, की हा पहाटे तीनलाच उठतो. शरीराला धारेची सवय. उठून अंधारात गप्प बसतो, पण दुसऱ्याला उठवत नाही. पाणी आलं की हंडे तोच घेऊन जायला लागला. नळावर बायकांना हसू आवरेना.

"जावईबापू, नंबर लावा! इथे गायी नाहीत, आम्ही आहोत!"

"फरक नाही मावशी, तिथेही रांगच असते," तो म्हणाला. नळावर हसण्याचा फवारा उडाला आणि त्या दिवसापासून तो गल्लीचा झाला.

आणखी कळलं ते असं. भाजीत मीठ तो दोनदा टाकतो, कारण पहिलं टाकलेलं विसरतो. जेवतो उभ्याने. पालीला घाबरतो, आणि पाल दिसली की आधी विचारतो, "ती चावत नाही ना?" सुषमा खात्यातून दमून येई आणि दार उघडताना तिला वाटे, आज काय नवीन दिसणार? हे असं तिला दुसऱ्या कशाविषयी कधी वाटलं नव्हतं.

राग दिसायला महिना लागला. पगाराच्या दिवशी घरमालकीण दारात आली. सुषमाने ललितसमोर तिच्या हातात भाडं ठेवलं. ललितचा चेहरा उतरला. तो बोलला नाही. पाना घेऊन बसला आणि गल्लीतला गळका नळ दुरुस्त केला. मग दाराची कडी. मग शेजाऱ्याची शिडी. दुसऱ्या दिवशीही तेच. गल्लीत मोडकं काही उरलं नाही, तेव्हा बोलला.

"माझ्यासमोर नको देत जाऊस भाडं. मला लाज वाटते."

"तिकडे तुम्ही माझ्यासमोर द्याल तेव्हा मला नाही वाटणार?"

"बायकोला कसली लाज त्यात?"

सुषमाने परात पुढे ओढली. कणीक मळत राहिली. ललित पाना हातात घेऊन दारात बसला. पोळ्या झाल्या, तरी उठेना. मग आत न बघताच म्हणाला, "वाटत असेल. मी कधी विचारच केला नाही."

पुढच्या महिन्यात घरमालकीण दारात यायच्या आधी ललितच सुषमाकडे भाडं मागायला आला. ते घेऊन वर गेला आणि जिन्यात दहा माणसं असताना म्हणाला, "घ्या काकू. बायकोने दिलंय."

सुषमाने ते खालून ऐकलं. पहिल्या रस्त्याची मुदत कधीच संपून गेली होती. तिला त्याचं काही वाटलं नाही.

श्रावणाच्या तोंडावर गायी वितील म्हणून ललित परत गेला. जाण्याआधी दोघं मिळून सल्लागार बाईंकडे गेले, दुसऱ्या रस्त्याचा अर्ज करायला. बाईंनी ते जुनेच प्रश्न काढले.

"रागावले की काय करतात?"

"गप्प होतात आणि काहीतरी दुरुस्त करतात," सुषमा म्हणाली. "दुरुस्त करायला काही उरलं नाही, की मग बोलतात."

"आणि ही रागावली की कणीक जास्त मळते," ललित म्हणाला. "त्या दिवशी पोळ्या मऊ होतात."

या वेळी बाई हसल्या.

व्हिसा नवरात्रात आला, कामाच्या परवानगीसकट. शेवटच्या दिवशी वर्षाने खात्यात पेढे वाटले आणि म्हणाली, "तिथे लेस लावायला साड्या नसतील गं."

"नसू देत. काय असतं ते बघेन की."

विमानाचं तिकीट ललितने काढलं. सुषमाच्या मजुरीतून गेलं ते वैशाखापासून आषाढापर्यंतचं त्या पत्र्याच्या खोलीचं भाडं, आणि घरी बसलेल्या नवऱ्याचं दोन वेळचं जेवण.