श्रावणातली सुकट

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. श्रावण लागून आठवडा झाला असेल-नसेल, तोच आमच्या वाशीच्या बिल्डिंगीत सुकटीचा वास सुटला.

आषाढात सुटला असता तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं. आम्हीही खाणाऱ्यांतलेच. पण श्रावण म्हणजे श्रावण. पहिल्या मजल्यावरच्या सेक्रेटरींनी तर चातुर्मासात कांदा-लसूणही सोडलेला. ते नाकाला रुमाल लावून जिना चढले आणि संध्याकाळी फळ्यावर लिहिलं : रविवारी मीटिंग, विषय मासेवालीस गेटबंदी.

मासेवाली घणसोली गावातली. तिच्या घरची भातशेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली होती, आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की टोपलीतल्या सुकटीवरच तिचं घर चालायचं. श्रावणात निम्मी गिऱ्हाइकं आधीच गळायची. ती मला जिन्यात भेटली.

"बाय, हितलं गेट बंद झालं त मी जाऊ कुटं? एकीनं बंद केलं की बाकीच्या सोसायट्या बी करतील."

मी म्हटलं, श्रावणात तुझ्याकडून कोण घेतं तेवढं सांग, मी त्या घराचं बघते. तिने टोपली डोक्यावर चढवली.

"माजं गिऱ्हाईक मी कोनाला सांगत नाय. मागल्या श्रावनात तू काय नेलंस, ते तुज्या सासूला सांगितलं का मी?"

तो विषय मी तिथेच सोडला.

पण तपास घ्यायचाच असं ठरवलं. आमच्या समोरच्याच दारात माझी अक्का राहायची, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. धाकट्या भावंडांच्या लपवलेल्या चिंचा आम्ही दोघींनी लहानपणापासून हुडकून काढलेल्या, त्यामुळे अनुभव दांडगा. मी तेव्हा चाळिशीला टेकलेली, अंगाने भरलेली आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश. आज ती तेव्हाची मी माझ्या दारात आली तर मी तिला चहा देईन, पण घरातलं काही सांगणार नाही.

माझी युक्ती अशी, की वाटी घेऊन दारोदार साखर मागायची आणि बोलता बोलता स्वयंपाकघरात नाक खुपसायचं. दुपारभर मी फिरले. सुकट कुठे मिळाली नाही. साखर मात्र एवढी जमली की डबा भरून उरली, आणि प्रत्येक घरी साबुदाण्याची खिचडी आग्रहाखातर खाल्ल्यामुळे माझं पोट बिघडलं. संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, नोकरीचं सगळं ठीक आहे ना?

मग मी ह्यांच्यावरच संशय घेतला. ऑफिसातून आल्यावर त्यांचा रुमाल हुंगला, डबा हुंगला. ते शांतपणे बूट काढत म्हणाले, "अगं, खायचीच असती तर हॉटेलात खाऊन आलो असतो. घरी आणून तुझ्या तावडीत कशाला सापडेन?" हे पटण्यासारखं होतं, म्हणून मला आणखी राग आला.

अक्का ह्या सगळ्या वेळात गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी चिडून म्हटलं, मी उन्हातान्हात फिरतेय आणि तू भाजी निवडतेस. ती म्हणाली, "बस जरा. स्वयंपाकाचा वास जेवणाच्या वेळेला येतो. हा वास पावसाची सर येऊन गेली की येतो. आणि त्या मांजरी बघ."

खाली मांजरी बसल्या होत्या, शेपट्या अंगाभोवती गुंडाळून, आरतीला बसावं तशा. सगळ्यांच्या माना वर. त्या बघत होत्या पहिल्या मजल्याकडे, सेक्रेटरींच्या गॅलरीकडे.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी कामावर गेल्यावर आम्ही पूजेची फुलं मागायच्या निमित्ताने गेलो. ते निमित्त खरंच होतं. सेक्रेटरीणबाईंच्या कुंड्यांतली जास्वंद, तगर, गुलाब श्रावणभर अख्ख्या बिल्डिंगीच्या देवांना जायचे. दुसऱ्या कुणाच्या कुंडीत एवढी फुलं येत नसत. हात गुणी आहे, असं आम्ही म्हणायचो. बाई परडी आणायला आत वळल्या तशी अक्काने जास्वंदीच्या कुंडीत बोट खुपसलं, हुंगलं आणि माझ्या नाकाखाली धरलं.

मला पुढचं सांगायला नको. नाक माझंच होतं.

बाई परडी घेऊन आल्या, अक्काचं मातीचं बोट पाहिलं आणि रडायलाच लागल्या. मासेवालीनेच म्हणे त्यांना सांगितलं होतं, मातीत सुकट घाल, झाड फुलानं वाकेल. तेव्हापासून मागच्या जिन्याने पुडी यायची.

"पण मी हात लावत नाही हो," त्या काकुळतीने म्हणाल्या. "चमच्याने घालते. चमचासुद्धा वेगळा ठेवलाय."

अक्का म्हणाली, "आमच्या सोमवारच्या शंकराला हीच फुलं वाहिली."

मी पदर तोंडात कोंबला, तरी हसू बाहेर पडलंच. बाईही रडता रडता हसायला लागल्या. मग हात जोडून म्हणाल्या, ह्यांना सांगू नका, ते कुंड्यांसकट मला माहेरी पोचवतील.

"आम्ही नाही सांगणार," अक्का म्हणाली. "आणि ती मासेवालीही सांगणार नाही. रविवारी बंदी झाली, तर तुमचं नाव न घेताच ती जाईल. तेवढं ध्यानात असू द्या."

रविवारी जिन्याखाली सतरंज्या घातल्या. मासेवाली गेटापाशी टोपली खाली ठेवून उभी होती. सेक्रेटरी पावित्र्यावर बोलले, बराच वेळ बोलले. तेवढ्यात एक सर येऊन गेली आणि वास अगदी वेळेवर आला. ते म्हणाले, बघा, ह्याहून पुरावा काय हवा. मी अक्काकडे पाहिलं. अक्का सतरंजीचा धागा ओढत बसली होती.

सेक्रेटरीणबाई उठल्या. मीटिंगमध्ये त्यांचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

"वास आपल्या गॅलरीतून येतोय. सुकट मी घेते. झाडांना घालते."

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे आज सकाळी मी गणपतीला वाहिलं ते जास्वंद..."

"तेच. आणि तुम्हीच म्हणालात, काय टवटवीत आहे."

आधी तळमजल्यावरचे काका हसले, मग सगळी सतरंजी हसली. सेक्रेटरी काही हसले नाहीत, पण फळ्यापाशी गेले आणि विषय स्वतःच्या हाताने पुसला. नंतर हळूच बायकोला म्हणाले, गुलाबालाही तेच का?

पुढच्या आठवड्यापासून मासेवालीची टोपली आमच्या गेटातून भरलेली यायची आणि रिकामी जायची. एरवी श्रावणात तिच्याकडे न बघणारी घरंसुद्धा तिला बोलवायला लागली. ती जिन्यात बैठक मारून, चेहऱ्यावरची रेष न हलवता, प्रत्येकीला विचारायची, "खायला का झाडाला?"

"झाडाला," अक्का ठणकावून सांगायची आणि पुडी पदराआड घ्यायची. अक्काच्या घरी एकही कुंडी नव्हती.