नवाचा ताळा
चिंचेने पितळ घासलं की त्या आंबूस वासाबरोबर मला एकच संख्या आठवते, ३८४६२७. दादाच्या कारखान्यातल्या पितळी बिल्ल्यावर त्याचा कामगार नंबर म्हणून ती होती आणि दर रविवारी तो बिल्ला घासायचं काम माझं होतं. साठच्या दशकात आम्ही राई गावात राहायचो. एका दुपारी मिठागरावरून खारट वारा येत होता आणि शेजारचे काका धावतच पडवीत शिरले. "कारखान्यात बॉयलर फुटलाय. मेलेल्यांची नावं न्हाय दिली, गेटवर नुसते नंबर लावलेत," म्हणत त्यांनी घाईत उतरवून आणलेली चिठ्ठी बाबांना दिली. चिठ्ठीत आमची संख्या नव्हती, पण ३८४२६७ होती. बाबा मिठागरात कारकून. मोठी संख्या दिसली की तिचे आकडे मिळवत मिळवत एका आकड्यावर आणायचे, नवाचा ताळा काढायचे. त्यांची बोटं मांडीवर हलू लागली तशी मीही मनात बेरीज केली. दोन्हींचा ताळा तीनच. फरक तीनशे साठ, म्हणजे नवाने पुरता भाग जाणारा. उतरवताना दोन आकडे मागेपुढे झाले की फरकाला नवाने भाग जातोच, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. "अहो, आपला नंबर नाही ना त्यात?" आईने दारातून विचारलं. "नाही," बाबा माझी नजर चुकवत म्हणाले, "तू पानं घे." आई पोटभर जेवली आणि दादाचं ताट तिने झाकून ठेवलं. चार दिवसांनी बिल्ला तेवढा घरी आला. तो आता माझ्या कपाटात आहे, काळा पडलेला. देवाची सगळी भांडी मी घासते, त्याला मात्र हात लावत नाही.