दाराशी घेतलेली सही

या सदरातले अनुभव मी वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसते. भूत, भास, दृष्टांत... यातलं मला कधीच काही पटलं नाही. आमच्या घरी देव होते, रोजची पूजा होती, पण अंगात येणं वगैरे नाही. शिवाय मी रेल्वेच्या ऑफिसात टायपिस्ट होते. समोर जे लिहिलंय तेच टाइप करायचं, पदरचं काही घालायचं नाही, ही सवय हाताला लागलेली. तशीच ही हकिकत लिहिते आहे.

आम्ही मूळचे तंजावरकडचे मराठी. अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या लहानपणीच कुटुंब मद्रासला आलं आणि ट्रिप्लिकेनला राहिलं. (चेन्नई म्हणायला माझी जीभ अजून तयार नाही.) घरात आम्ही जे मराठी बोलायचो ते ऐकून सातारचे माझे यजमान पुढे पोट धरून हसले होते. माझं मराठी सुधारलं ते लग्नानंतर. अप्पांचं शेवटपर्यंत तेच राहिलं - ‘जालें’, ‘यावें’, ‘बसावें’, मध्येच तमिळ ‘सरी सरी’, म्हणजे बरं बरं.

एकोणीसशे पन्नास-साठच्या मधली, मी तेवीस-चोवीस वर्षांची असतानाची ही गोष्ट. अप्पा सरकारी कचेरीत नकाशे काढून रिटायर झाले होते. आणि ते फ्रीमेसन होते. लोकांना वाटतं तसं त्यात गूढ काही नसतं, ते म्हणत - एकमेकांना बंधू मानायचं, दानधर्म करायचा, सरळ वागायचं. त्यांच्या एका वहीत जगभरच्या अशा बंधूंची नावं लिहिलेली होती. अमेरिकेचे अध्यक्ष, विलायतेचे राजे, आपल्याकडचे महाराजे, न्यायमूर्ती, तुरुंगात जाऊन आलेले पुढारी. इतर घरांत मुलांना स्तोत्रं शिकवत, अप्पा आम्हा भावंडांना ती नावंही म्हणून दाखवत.

पण स्वतः अप्पा लॉजमध्ये, म्हणजे या बंधूंच्या सभेत, काय करायचे? तर सभागृहाच्या बंद दाराबाहेर नंगी तलवार घेऊन उभे राहायचे! बावीस वर्षं. येणाऱ्या प्रत्येकाची ओळख पटवायची, वहीत सही घ्यायची, मग आत सोडायचं. आत न्यायमूर्ती, जमीनदार, संपादक... आणि माझे वडील बाहेर. मला लाज वाटायची. एकदा तसं बोलूनही गेले. अप्पा रागावले नाहीत. म्हणाले, “कमळे, आंत कुणी लहान-मोठा नाहीं. पण हें त्यांना आठवण कुठं करून द्यायची? दाराशींच ना?”

एकदा महिन्याच्या शुक्रवारच्या सभेला दिल्लीहून एक फार मोठे पाहुणे येणार होते. नाव लिहीत नाही. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग भोगलेले, तेव्हा मंत्रिपदावर असलेले, मूळचे आपल्या मराठी मुलखातले, आणि तरुणपणापासून मेसन. अप्पांनी काळा कोट दोनदा इस्त्री करून घेतला. आणि मंगळवारी सकाळी न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं.

सरकारी हॉस्पिटलात त्यांच्या पायाला दोरी बांधून, ती पलंगाच्या टोकावरच्या कप्पीवरून घेऊन खाली वजनं टांगली होती. कूस बदलणंसुद्धा शक्य नव्हतं. हे नीट लक्षात घ्या... कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

दुखण्यापेक्षा त्यांना चिंता दुसरीच. त्यांच्या जागी नायडू नावाचे तरुण प्रोफेसर उभे राहणार होते. “तो पोरगा मंत्र्याला पाहून गांगरेल,” अप्पा म्हणत. “सही न घेतांच सोडेल. मग आंत समान काय राहिलें?”

शुक्रवारी मी ऑफिसातून लवकर निघून साडेचारला वॉर्डात पोचले. अप्पा जागे होते. पावणेसहाच्या सुमारास मी त्यांना कॉफी द्यायला वाकले तर डोळे उघडे, पण बघणं माझ्याकडे नाही. उजवी मूठ छातीपाशी, काहीतरी उभं धरल्यासारखी. हाक मारली... उत्तर नाही. नर्सला बोलावलं. तिनं नाडी पाहिली, म्हणाली, ठीक आहे, औषधाची गुंगी आहे. तेवढ्यात अप्पा स्वच्छ, खणखणीत आवाजात बोलले -

“ओळखतों, बंधू. पण सही करावी. इथं सगळेच करतात.”

थोडा वेळ गेला. मग चेहऱ्यावर समाधान पसरलं. “आतां जावें,” म्हणाले, मूठ सैल झाली आणि त्यांना गाढ झोप लागली.

नर्स मलयाळी. तिनं विचारलं, काय म्हणाले? मी तमिळमध्ये सांगितलं. ती हसली, मीही हसले. मनात लागून राहिलेलं बरळले, असंच मला वाटलं.

शनिवारी सकाळी आठ वाजता लॉजचे सेक्रेटरी मुदलियार वकील वॉर्डात आले. अप्पा झोपलेले. वकिलांनी त्या वजनांकडे बराच वेळ पाहिलं आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

“अम्मा, रावजी काल संध्याकाळी कुठं होते?” मद्रासेत आम्हा मराठी लोकांना रावजीच म्हणतात.

मला रागच आला. “कुठं असणार? तुम्ही आत्ता पाहिलंत की!”

ते बाकावर बसले आणि सांगू लागले. पाहुणे गाडीनं पुढच्या फाटकाशी येणार म्हणून सगळे खाली हार घेऊन उभे होते. नायडूही दार सोडून खाली गेलेले. पाहुणे मात्र मागच्या गल्लीतल्या एका जुन्या स्नेह्याला भेटून तिथूनच चालत, मागच्या जिन्यानं वर आले. पावणेसहालाच, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं लवकर. धावपळ करत सगळे वर पोचेपर्यंत पाहुणे दाराजवळ एकटेच हसत उभे!

“सभेत काय बोलले माहितीये?” वकील पुढे झुकले. “म्हणाले, गेल्या कित्येक वर्षांत मला कुठल्याही दाराशी कुणी थांबवलं नाही. आज एका म्हाताऱ्या बंधूंनी थांबवलं. मी विचारलं, मला ओळखलं नाही का? ते मराठीत म्हणाले, ओळखतों, पण सही करावी. तुमच्याकडे इतकं जुनं, गोड मराठी बोलणारे हे कोण? ...अम्मा, आमच्यात मराठी बोलणारे रावजी एकटेच.”

पाहुण्यांनी सांगण्याआधी ते शब्द मी माझ्या कानांनी ऐकले होते. नर्सला सांगितले होते.

“सही कशावर केली?” मी विचारलं.

“तेच तर. नायडूनं एक साधा कागद ठेवला होता, कारण वहीच्या कपाटाची किल्ली रावजींकडे. कागदावर पाहुण्यांची सही नाही. ते म्हणतात, निळ्या कापडी बांधणीच्या जाड वहीत केली. किल्ली आहे तुमच्याकडे?”

होती. मंगळवारी हॉस्पिटलात अप्पांचं घड्याळ, चष्मा, किल्ल्या माझ्या हवाली केल्या होत्या. तेव्हापासून त्या माझ्या पर्समध्येच.

रिक्षा करून आम्ही लॉजवर गेलो. त्या इमारतीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. सभागृहाबाहेरच्या खोलीत सागवानी कपाट, कुलूप जसंच्या तसं. नायडू तिथे आधीच येऊन बसले होते, चेहरा उतरलेला. किल्ली मीच फिरवली. निळी वही वरच्या फळीवर होती. शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. वर शुक्रवारची तारीख, अप्पांच्या वळणदार अक्षरात. खाली एकच सही. पाहुण्यांची.

तारीख अप्पांनी आधीच घालून ठेवली असेल, नाही म्हणत नाही. उत्साहात होते. पण सही?

नायडूंनी वहीला हात जोडले.

अकरा वाजता वॉर्डात गडबड उडाली. डॉक्टर धावत आले, नर्सेस रांगेत उभ्या. विमानतळावर जाण्याआधी, वकिलांकडून वॉर्ड विचारून, पाहुणे स्वतः आले होते. चाळीस रोगी माना वर करून बघत होते. ते सरळ अप्पांच्या पलंगाशी आले, थबकले आणि अगदी हळू म्हणाले, “हेच. काल डोक्याला पागोटं, कपाळाला गंध होतं, एवढाच फरक.”

मग त्यांची नजर दोरीवर गेली, वजनांवर गेली. चेहऱ्यावरचं हसू मावळलं. डॉक्टरांना विचारलं, “हे कधीपासून?” डॉक्टर म्हणाले, “मंगळवारपासून, सर.”

अप्पा उठायची धडपड करू लागले. “माफ करावें. काल मला येतां आलें नाहीं. माझ्या दारांत तुम्हांला कुणी...”

पाहुण्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. “पडून राहा, बंधू,” ते म्हणाले. “सही घेतली माझी. नीट, थांबवून घेतली.”

“घेतली? सरी सरी,” अप्पा म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

देशाचा मंत्री माझ्या वडिलांना बंधू म्हणत होता, आणि अप्पांना त्यात काहीच विशेष वाटत नव्हतं! त्याच अप्पांची मी लाज बाळगली होती.

नंतर मी खूप डोकं चालवलं. दुसरी किल्ली असेल? वकिलांनी शपथेवर सांगितलं, नाही. कुणी सोंग घेतलं? मग ते मराठी कुणाला येणार, आणि त्याच घटकेला हॉस्पिटलात तेच शब्द कसे? पाहुण्यांच्या मागून येणाऱ्या सहायकानंही जिन्याखालून अप्पांसारखंच पांढरं पागोटं आणि काळा कोट पाहिला होता. तो कोट तर आमच्या घरी खुंटीवर होता, आई तिथेच बसून भाजी निवडत होती. आज इतक्या वर्षांनीही मला याचा उलगडा झालेला नाही. होईल असंही वाटत नाही.

अप्पा पुढे सहा वर्षं जगले. काठी घेऊन चालायचे. एकदा संध्याकाळी मरीनावर वाळूत बसलो असताना मी धीर करून विचारलंच, “अप्पा, त्या दिवशी तुम्ही तिथं गेला होता का?”

त्यांनी काठीच्या टोकानं वाळूत एक आडवी रेघ ओढली.

“मला कांहीं आठवत नाहीं, कमळे,” ते म्हणाले. “पण गेलों असेन, तर बरें केलें.”