हप्ता थकलेली खजिनदार

गाव सोडलं तेव्हा सकाळची एसटी होती आणि बाबा दुकान बंद ठेवून स्टँडवर आले होते. बाबांचं कुडाळजवळ शिलाईचं दुकान आहे, एक मशीन आणि एक माणूस, दोन्ही जुनी. लग्नसराईचे दिवस होते, ब्लाउजांचा ढीग पडला होता, तरी ते आले. माझ्या कुर्त्याला त्यांनी आतून एक खिसा शिवला होता आणि तेवढंच सांगितलं, "सगळे पैशे एका जाग्यार ठेवू नको." आई मात्र बस हलेपर्यंत खिडकीशी बोलत होती. तिचं सगळं बोलणं एकाच गोष्टीवर येऊन थांबायचं. "पोचलंस काय पयलो भाऊकाकाक फोन कर, इसरा नको."

मुंबईत आमच्या गावचा माणूस म्हणजे भाऊकाका. घाटकोपरला राहतात, कंपनीतून रिटायर झालेत, आणि आमच्या गावच्या मुंबई मंडळाचे ते सेक्रेटरी. गावातून कोणीही मुंबईला आलं की पहिला फोन त्यांना. खोली बघून द्यायची तर भाऊकाका, हॉस्पिटलात ओळख हवी तर भाऊकाका. मीही पोचल्या पोचल्या फोन केला. त्यांनीच मला मरोळ गावठाणात ॲग्नेस आंटीकडे खोली बघून दिली. आंटी इथल्याच, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिश्चन. घरात मराठीच बोलतात, पण त्यांची मराठी कळायला मला महिना गेला आणि माझी त्यांना कळायला बहुतेक अजून चाललंय.

मरोळलाच एका ऑफिसात कस्टमर सपोर्टची नोकरी लागली. हेडफोन लावायचा आणि दिवसभर लोकांच्या शिव्या गोड आवाजात ऐकायच्या. पगार बरा होता. पण दोन वर्षांनी मला स्वतःच्याच आवाजाचा वीट आला. तिथेच काही पोरी फायनान्सचा कोर्स करत होत्या, बँकांच्या मागच्या कामाचा, म्हणजे व्यवहार जुळवणं, हिशेब तपासणं वगैरे. मला आकडे आवडतात, लहानपणापासून बाबांची गिऱ्हाइकांची मापं मीच पाठ सांगायचे. फी भरमसाट होती. पगाराची स्लिप दाखवल्यावर लोन झटक्यात मिळालं. फॉर्ममध्ये रेफरन्स म्हणून एका माणसाचं नाव आणि नंबर हवा होता, नातेवाईक किंवा ओळखीचा. मी विचारसुद्धा केला नाही. भाऊकाकांचं नाव टाकलं.

कोर्स निम्म्यावर आला आणि ऑफिसने आमचं सगळं काम दुसऱ्या शहरात हलवलं. एका मीटिंगमध्ये बोलावून गोड आवाजात सांगितलं, जसं आम्ही गिऱ्हाइकांना सांगायचो तसंच. फी परत मिळणार नव्हती, कोर्स सोडला तर लोन तसंच राहणार होतं आणि हातात काहीच येणार नव्हतं. म्हणून कोर्स चालू ठेवला. भाडं क्रेडिट कार्डावर, किराणा कार्डावर, आणि कार्डाचं किमान बिल ट्यूशनच्या पैशातून. लोनचे हप्ते मात्र थकत चालले. गावठाणातल्या दोन मुलांना गणित शिकवायचे. घरी काही सांगितलं नाही. बाबा विचारायचे, काम कसा चल्लाहा, मी म्हणायचे, चाललंय. त्यात खोटं काही नव्हतं आणि खरंही काही नव्हतं.

जे गावात राहिलात त्यांना एक सांगते, बेकारीत माणूस रिकामा बसत नाही. उलट डोकं एवढं चालतं की माणूस झोपेत दात खायला लागतो. कुठला हप्ता आधी, कुठला नंतर, कुठे दंड जास्त, कुठला माणूस जास्त ओरडतो. आणि माझी तर मज्जाच होती. मेट्रोने मरोळ नाक्याहून घाटकोपरला क्लासला जायचं आणि तिथे सर फळ्यावर एखाद्या कंपनीचा कर्जाचा बोजा मांडायचे. उत्पन्न एवढं, देणं एवढं, रोख शिल्लक एवढी. विचारायचे, तुम्ही हिला आणखी कर्ज द्याल का? सगळ्यात आधी हात माझा वर. नाही सर, अजिबात नाही. सर म्हणायचे, करेक्ट, कारण सांग. कारणं मी अशी धडाधड सांगायचे की पोरं माझ्याकडे बघत राहायची. त्यांना काय माहीत मी पाठांतर कुठून केलं होतं ते.

त्यात आमचं मंडळ. महिन्याच्या एका रविवारी घाटकोपरला शाळेच्या एका वर्गात मंडळाची बैठक असते. मी सहसा दांडी मारायचे, पण त्या वेळी भाऊकाकांनी मुद्दाम बोलावलं. जुने खजिनदार कायमचे गावाला गेले होते आणि गावच्या देवळाच्या छपराची वर्गणी नुकतीच सुरू झाली होती. भाऊकाका उठले आणि म्हणाले, "आपला चेडू फायनान्साचा शिकता. आणि आपणाक काय होया?" चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. वर्गातल्या बाकांवर कोंबून बसलेली सगळी माणसं माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली. फायनान्स शिकते म्हणजे पैसे सांभाळण्यात हुशार, असा सरळ हिशेब. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी देवाच्या फोटोपुढचा नारळ उचलून माझ्या हातात दिला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. बा देवा रवळनाथा, आज ह्या लेकराच्या हाती तुझी तिजोरी देतंव, तेका बरी बुद्धी दी, तेच्या हाताक येश दी. आणि सगळे एका आवाजात, व्हय म्हाराजा.

आमच्याकडचं ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. गाऱ्हाणं घालून झाल्यावर हातातला नारळ परत देता येत नाही. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण कोणी दिल्याचं मी ऐकलेलं नाही. मी नारळ धरून उभी राहिले. एखादीला लग्नात वरमाला चुकीच्या माणसाच्या गळ्यात पडल्यावर जसं होईल तसं मला झालं होतं.

पुढचं तर आणखी छान. बँकेच्या खात्यावर जुन्या खजिनदारांची सही होती, ती बदलायची प्रक्रिया कागदपत्रांत अडकली. तोवर खात्यात भरलेले पैसे काढता आले नसते, म्हणून जमलेली रोख वर्गणी खजिनदाराकडेच. मी ती वेफर्सच्या पत्र्याच्या डब्यात भरून कपाटात कपड्यांच्या मागे ठेवली. तुम्हाला सांगते, तो डबा घरात आल्यापासून मला नीट जेवण गेलं नाही. बाहेर पडले की वाटायचं चोरी होईल. घरात बसले की वाटायचं, चोर आतच बसलाय. कारण त्या डब्यात माझे थकलेले तिन्ही हप्ते भागून वर पैसे उरले असते. आणि सही बदलायला अजून बरेच दिवस होते, कोण विचारणार होतं? ट्यूशनचे पैसे आले की परत ठेवले असते. हे असं सगळं मी स्वतःला अगदी मुद्देसूद समजावून सांगितलं होतं. क्लासमध्ये ह्याला अफरातफर म्हणतात आणि तो शब्द आला की सर आवाज खाली आणतात.

मग एका शुक्रवारी वसुलीवाल्या बाईंचा फोन आला. आवाज गोड, माझ्यासारखाच शिकवलेला. म्हणाल्या, मॅडम, सोमवारपर्यंत काही झालं नाही तर आम्हाला तुमच्या रेफरन्सशी बोलावं लागेल. भाऊ नाव दिलंय, कोण लागतात तुमचे?

काका, म्हणाले मी. फोन ठेवला आणि पलंगावर बसले. भाऊकाकांना फोन जाणार, म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरीला कळणार की त्याची खजिनदार कर्जबाजारी आहे. मंडळाला कळलं की संध्याकाळपर्यंत गावाला. आणि दुसऱ्या दिवशी बाबांच्या दुकानात ब्लाउजचं माप द्यायला आलेली कुठलीतरी बाई विचारणार, तुमच्या चेडवाचा काय म्हणां झाला? बाबा मान खाली घालून टेप गुंडाळत बसतील. मला बाकी कशाची भीती नव्हती, खरंच नव्हती. कंपनीने काय करायचं ते करावं. पण बाबांची ती खाली गेलेली मान मला बघवत नव्हती, मनातसुद्धा.

सोमवार टाळायला एकच उपाय होता आणि तो कपाटात होता. मी डबा काढला. पलंगावर ठेवला. आंटी दार न वाजवता आत आल्या, हातात माशांच्या कालवणाची वाटी. डब्याकडे बघून म्हणाल्या, वेफर एकटीच खातंस काय? मी हो म्हणाले आणि रडायला लागले. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि बाजूला बसल्या. मग म्हणाल्या, थंड झालं तं वास मारंल, पयलं जेव. मी जेवले. जेवताना एवढं कळलं की हा डबा आणि मी एका खोलीत आणखी एक दिवस राहिलो तर काय होईल ते मला सांगता येणार नाही.

शनिवारी सकाळी डबा पिशवीत घालून घाटकोपरला भाऊकाकांकडे गेले. काकी चहा टाकायला आत गेल्या. मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नोकरी गेली, हप्ते थकलेत, सोमवारी तुम्हाला फोन येईल, आणि हा डबा तुमच्याकडे ठेवून घ्या, मला सांभाळता येणार नाही.

भाऊकाकांनी चष्मा लावला, डबा उघडला आणि ते नोटा मोजायला बसले. एकदा मोजल्या. माझ्याकडे बघितलं नाही. परत मोजल्या. मी त्यांच्या जागी असते तर मीसुद्धा मोजल्या असत्या, दोनदाच काय, तीनदा. तरी असं वाटलं की कोणीतरी माझे खिसे उलटे करून बघतंय. काकी चहा घेऊन आल्या आणि कपबश्या हातात धरून दारातच थांबल्या.

बरोबर आहेत, असं म्हणून त्यांनी डब्याला झाकण लावलं. "आधी सांगूचां होतां."

"नारळ हातात दिलात काका. कसं सांगणार होते?"

चहा गार झाला. निघताना मी एकच मागितलं, बाबांना कळवू नका. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते जिना उतरेपर्यंत मला ठरवता आलं नाही.

रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. बाबा स्वतः कधी फोन करत नाहीत, आई लावून देते. स्क्रीनवर त्यांचं नाव बघितलं. उचलू नये असं फार वाटलं. उचलला.

"भाऊचो फोन इल्लो," बाबा म्हणाले. मागे मशीन बंद होती. रविवारीही बाबांची मशीन सकाळी बंद नसते. "नोकरी गेली तां माका कित्याक सांगूक नाय?"

मी काय सांगणार. म्हणाले, तुम्हाला लोक विचारतील म्हणून. त्यांनी विचारलं, कर्ज किती आहे. मी आकडा सांगितला. पलीकडे आईचा काहीतरी पुटपुटण्याचा आवाज आला आणि बाबांनी आकडा हळू आवाजात पुन्हा विचारला, तेव्हा मला कळलं की ते घाबरलेत. रागावलेले नव्हते. नुसते घाबरले होते, माझ्यासारखेच. इतके पैसे त्यांनी एका वेळी कधी बघितलेले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "त्या फारमार भाऊचां नाव आसा?"

"हो."

"तां काढ. माझां घाल."

मी म्हणाले, बाबा, ते लोक दिवसातून चारदा फोन करतात. वाटेल ते बोलतात. दुकानात गिऱ्हाईक असेल तेव्हाही करतील.

"करूंदेत. मशीन चालू आसली काय माका कोणाचा काय एक ऐकाक येना नाय."

मी हसले आणि रडले, कुठलं आधी ते आठवत नाही. सोमवारी सकाळी वसुलीवाल्या बाईंनी फोन करायच्या आधी मीच त्यांना केला. हप्ता लहान करून मुदत वाढवून मागितली, क्लासमध्ये शिकलेले सगळे शब्द वापरून. वरिष्ठांना विचारून सांगते म्हणाल्या आणि दोन दिवसांनी मान्य झालं. व्याज वाढलं, ते मला माहीत आहे, किती वाढलं तेही अगदी पैशापर्यंत माहीत आहे. रेफरन्सचं नाव बदलून घेतलं. नातं काय, असं त्यांनी विचारलं. वडील, मी म्हणाले.

नोकरी अजून लागलेली नाही. एका ठिकाणी दुसऱ्या फेरीपर्यंत गेले आहे, त्यांनी कळवतो म्हटलंय. मंडळात खजिनदार आता दुसरे आहेत. बैठकीला कोणी काही बोललं नाही, पण चहाचा ट्रे माझ्यासमोर आला तेव्हा तो क्षणभर जास्त थांबला, असं मला वाटलं. कदाचित नसेलही थांबला.

माझ्यासारख्या ज्या इथे आल्यात त्या विचारतात, गावाची आठवण येते का. येते, पण आता समुद्र, अंगण वगैरे असं काही डोळ्यांसमोर येत नाही. पूर्वी अनोळखी नंबर वाजला की मी एकटी घाबरायचे. आता दर महिन्याला हप्त्याच्या पाच तारखेच्या आसपास कुडाळजवळ एका शिलाई मशीनपाशीही कोणीतरी फोन वाजला की दचकतं, हात थांबवतं, नंबर बघतं आणि मग पुन्हा पायडल मारायला लागतं. माझं घर आता तेवढं आहे, आणि मला ते पुरतं.