दसऱ्याच्या बंदुकीचा रंग

जुन्नरच्या बाजारात मी खिडक्यांसाठी रंग घ्यायला थांबलो होतो. शेजारी निमगाव सावाचे एक टोपीवाले गृहस्थ उभे होते. त्यांना वडिलांच्या वेळच्या परवान्याच्या बंदुकीची नळी रंगवायची होती. दरवर्षी दसऱ्याला तिची पूजा होते आणि ओलं कुंकू लागतं नेमका तिथंच गंज धरतो, ही त्यांची तक्रार होती.

दुकानदाराने मोटारसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो काळा रंग पुढे केला. “कितीबी तापू द्या, निघणार नाय.”

“तापायची नाय ती. आमी उडवतच नाय.”

मग त्यांनी बोट जिभेला लावलं, कपाळावरचं थोडं कुंकू त्यावर घेतलं, नमुन्याच्या पत्र्यावर टेकवलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. आम्हीही थांबलो. थोड्या वेळाने उपरण्याने पुसून त्यांनी पत्रा उजेडात धरला. डाग राहिला होता. त्यांनी दुसरा रंग मागितला.

“तुमच्याकडे बिबटे फार. ते आले की बंदूक काढता?” मी विचारलं.

“बिबट्यावर चालवली तर गुन्हा हाय, पावणं. परवा वासरू नेलं. आता रोज सांजेला आमची मंडळी गोठ्यापुढं तेलाचा रिकामा डबा बडवती.”

“मग उरलेला रंग त्या डब्याला लावा.”

त्यांनी नवा पत्रा पुसता पुसता मान हलवली.

“नको. गंज धरायला त्याला सवड कुठंय?”